संत्रा कलमांचा खुंट : प्रयोगशाळेतील निवड आणि बागेतील उपयोग

यवतमाळ जिल्हा म्हटला म्हणजे कापसाचे नाव प्रथम पुढे येते. तथापि दारव्हा, नेर, दिग्रस यांसारख्या तालुक्यांत विहिरीला पाणी असलेल्या शेतकऱ्यांनी संत्र्याच्या बागाही उभ्या केल्या आहेत. कापसाचे पीक एका हंगामात चुकले तर पुढील हंगामात वाण बदलता येतो. संत्र्याचे तसे नाही. सहा मीटर अंतरावर लावलेल्या एका हेक्टराच्या बागेत २७७ झाडे बसतात. ती फळावर येईपर्यंत शेतकरी चार-पाच वर्षे पाणी, खत आणि राखण यांवर खर्च करीत राहतो. झाड ऐन भरात आले असता त्याची पाने पिवळी पडू लागली, शेंडे वाळू लागले आणि बुंध्यातून डिंक गळू लागला, तर तो सर्व खर्च मातीत जातो.

अशा वेळी दोष पाण्याला, खताला किंवा दैवाला दिला जातो. पुष्कळदा मूळ कारण बाग लावण्यापूर्वीच ठरून गेलेले असते. ते कारण म्हणजे कलमाचा खुंट. कलम विकत घेताना शेतकरी वरची हिरवी पाने पाहतो, उंची पाहतो, भाव विचारतो. परंतु डोळा कोणत्या खुंटावर बांधला आहे हे विचारीत नाही. हा एक प्रश्न विचारण्याची सवय लागावी आणि त्याचे उत्तर समजून घेता यावे, यासाठी खुंटाची निवड शास्त्रज्ञ कशी करतात हे येथे क्रमाने सांगितले आहे.

खुंट म्हणजे काय

संत्र्याचे कलम हे दोन झाडांचे एक झाड असते. वरचा भाग नागपुरी संत्र्याचा. त्याला फळे येतात. खालचा भाग लिंबूवर्गातील दुसऱ्या एखाद्या जातीच्या रोपाचा. त्याची मुळे जमिनीतून पाणी व अन्न घेतात. या खालच्या भागास खुंट म्हणतात. खुंटाचे रोप पेन्सिलीएवढे जाड झाले की त्याच्या सालीवर छेद घेऊन संत्र्याचा डोळा बसवतात.

फळाची जात डोळ्यावरून ठरते. झाडाची वाढ, पाण्याचा ताण सोसण्याची शक्ती, चुनखडीच्या व खारवट जमिनीत टिकाव आणि मुळांच्या रोगांशी झुंज या गोष्टी मुख्यतः खुंटावर अवलंबून असतात. घराच्या पायासारखीच खुंटाची गोष्ट आहे. घर उभे झाल्यावर पाया बदलणे जितके कठीण, तितकेच बाग उभी झाल्यावर खुंट बदलणे कठीण.

विदर्भात दोन खुंट प्रचारात आहेत. एक जंबेरी आणि दुसरा रंगपूर लिंबू. जंबेरीची रोपे जोमाने वाढतात, डोळा लवकर धरतात आणि झाडही लवकर फळावर येते. म्हणून पन्हेरीवाल्यांचा व शेतकऱ्यांचा ओढा जंबेरीकडे राहिला. परंतु भारी, पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीत मूळकूज व डिंक्या या रोगांना तो बळी पडतो. रंगपूर लिंबू या रोगांना त्या मानाने अधिक तोंड देतो, पाण्याचा ताणही सोसतो आणि चुनखडीच्या जमिनीतही बऱ्यापैकी टिकतो.

रोगाचे मूळ

डिंक्या, पायकूज व मूळकूज ही एकाच शत्रूची वेगवेगळी रूपे आहेत. त्या शत्रूचे नाव फायटोफ्थोरा. हे नाव जर्मन शास्त्रज्ञ अंतोन द बारी यांनी १८७६ साली दिले. त्याचा अर्थ ‘वनस्पतींचा नाश करणारा’ असा आहे. १८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडवून मोठा दुष्काळ पाडणारा रोगही याच कुळातील होता. व्यवहारात त्यास बुरशी म्हणतात. परंतु खऱ्या बुरशीपेक्षा त्याचे नाते पाण्यातील शेवाळासारख्या काही जीवांशी अधिक जवळचे आहे. यातच त्याच्या स्वभावाचे मर्म आहे. त्याला पाणी हवे असते.

पावसाळ्यात काळी जमीन पाण्याने तुडुंब भरली म्हणजे फायटोफ्थोराचे सूक्ष्म बीजाणू बाहेर पडतात. प्रत्येक बीजाणूस दोन शेपट्या असतात. त्यांच्या साहाय्याने तो मातीच्या कणांमधील पाण्यात पोहत झाडाच्या तंतुमुळांपाशी जातो. मुळांची साल कुजते. असे मूळ बोटांच्या चिमटीत धरून ओढले तर साल हातात येते आणि आतला दोऱ्यासारखा भाग तेवढा शिल्लक राहतो. पाणी बुंध्यास लागून राहिले तर बुंध्याची साल तपकिरी होऊन कुजते, चिरते आणि तीतून डिंक वाहू लागतो. जमीन वाळली तरी हा जीव मरत नाही. जाड कवचाचे बीजाणू करून तो मातीत दडून राहतो आणि पुढील पावसाची वाट पाहतो.

म्हणून एकदा लागण झालेल्या जमिनीतून त्याचे पूर्ण उच्चाटन करणे जवळजवळ अशक्य असते. त्याच्याबरोबर राहूनही जगू शकेल असा खुंट निवडणे हाच टिकाऊ उपाय ठरतो.

प्रयोगशाळेत निवड कशी होते

लिंबूवर्गीय फळांच्या संशोधनासाठी नागपूर येथे १९८५ साली संशोधन केंद्र स्थापन झाले. आज ते केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. अकोला येथे १९६९ साली स्थापन झालेले कृषी विद्यापीठ, म्हणजे आजचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ, हेही विदर्भातील संत्र्यावर काम करते. खुंटाची निवड करण्याची शास्त्रीय रीत सर्वत्र साधारणपणे पुढीलप्रमाणे असते.

पहिली पायरी : जाती गोळा करणे. ईशान्य भारत हे लिंबूवर्गीय फळांचे एक प्राचीन माहेर आहे. मेघालयातील गारो टेकड्यांत नोकरेक येथे रानटी संत्र्याच्या रक्षणासाठी राखीव वन ठेवलेले आहे. अशा भागांतून, जुन्या बागांतून आणि परदेशांतून जाती आणून त्यांचा संग्रह केला जातो. फळास चव नसलेले एखादे रानटी झाडही खुंट म्हणून उपयोगी पडू शकते.

दुसरी पायरी : एकसारखी रोपे तयार करणे. जंबेरी व रंगपूर लिंबाच्या एका बीमधून पुष्कळदा दोन-तीन रोपे निघतात. त्यांतील बहुतेक रोपे फलनाशिवाय, केवळ मातृवृक्षाच्या पेशींपासून झालेली असतात आणि म्हणून हुबेहूब आईसारखी असतात. एखादे रोप मात्र संकरातून झालेले असते व त्याचे गुण वेगळे निघतात. वाफ्यातील फार खुरटी, फार उंच किंवा निराळ्या पानांची रोपे काढून टाकावीत असे जे सांगितले जाते, त्याचे कारण हेच. प्रयोगशाळेत ही पारख आनुवंशिक द्रव्याची तपासणी करून अधिक खात्रीने करता येते.

तिसरी पायरी : शत्रूला पकडणे. रोगट झाडाखालची माती एका थाळीत घेऊन तीवर पाणी ओततात आणि पाण्यावर लिंबूवर्गीय झाडाच्या कोवळ्या पानाचे तुकडे तरंगत ठेवतात. मातीत फायटोफ्थोरा असल्यास त्याचे पोहणारे बीजाणू दोन-तीन दिवसांत पानांच्या कडांवर जाऊन बसतात. मासा गळास लागावा तसाच हा प्रकार आहे. नंतर ते तुकडे औषधे मिसळलेल्या विशिष्ट खाद्यावर ठेवतात. या औषधांमुळे इतर जंतू व बुरश्या दबतात आणि फायटोफ्थोरा तेवढा वाढतो. त्याच्याही अनेक जाती आहेत. एका जातीस तोंड देणारा खुंट दुसरीपुढे नमू शकतो. म्हणून परीक्षा ज्या भागासाठी घ्यावयाची, त्या भागातीलच रोगकारक वापरणे इष्ट असते.

चौथी पायरी : रोपांची परीक्षा. ही दोन प्रकारांनी घेतात. पहिल्या प्रकारात रोपाच्या खोडावर सालीला लहान छेद देऊन त्याखाली वाढवलेल्या रोगकारकाचा तुकडा ठेवतात व वर पट्टी बांधतात. काही आठवड्यांनी साल किती लांबपर्यंत कुजली हे मोजतात. दुसऱ्या प्रकारात रोपे रोगयुक्त मातीच्या कुंड्यांत लावून त्यांना मधूनमधून पाण्यात बुडवून ठेवतात. मग मुळे धुऊन किती कुजली, किती नवी फुटली हे पाहतात व त्यांचे वजन करतात. दोन्ही परीक्षा आवश्यक असतात, कारण ज्याची साल चिवट त्याची मुळेही चिवट असतीलच असे नाही. प्रत्येक वेळी तशीच निरोगी रोपे तुलनेसाठी बाजूला ठेवलेली असतात. ती नसतील तर रोप रोगाने मेले की अन्य कारणाने, हे सांगता येणार नाही.

पाचवी पायरी : शेतातील कसोटी. कुंडीत उत्तीर्ण झालेल्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून तो बागेत लावतात. डोळा व खुंट यांचा जोड नीट बसतो काय, झाड किती वाढते, फळे किती व कशी येतात, उन्हाळ्यात झाड तग धरते काय, याची नोंद वर्षानुवर्षे ठेवतात. प्रयोगशाळेतील परीक्षा काही महिन्यांत होते. शेतातील कसोटीस दहा वर्षे किंवा अधिक काळ लागतो. प्रयोगशाळेचा उपयोग असा की शेकडो उमेदवारांतून निकामी ते लवकर गळून पडतात आणि शेतात मोजकेच लावावे लागतात.

सहनशील म्हणजे रोगमुक्त नव्हे

येथे एक शब्द नीट समजून घ्यावा. ‘रोगप्रतिकारक’ खुंटात रोगाचा शिरकाव होत नाही किंवा फारच थोडा होतो. ‘सहनशील’ खुंटास लागण होते, परंतु कुजलेल्या मुळांच्या जागी तो नवी मुळे फोडतो आणि झाडाचे काम चालू ठेवतो. रंगपूर लिंबू सहनशील आहे, रोगमुक्त नाही. त्याच्या बागेत पाणी साचू दिले तर नवी मुळे फुटण्याचा वेग कुजण्याच्या वेगापेक्षा कमी पडतो आणि झाड हरते. खुंट चांगला घेतला म्हणून निचऱ्याकडे दुर्लक्ष केले, तर खुंटाचा गुण वाया जातो.

एकाच खुंटावर विसंबण्याचा धोका

मग सर्वांत प्रतिकारक असा एकच खुंट शोधून तोच सर्वत्र का लावू नये, असा प्रश्न साहजिक आहे. त्याचे उत्तर इतर देशांच्या अनुभवात मिळते.

१८३०–४० च्या दशकात अटलांटिक महासागरातील अझोर बेटांवर पायकुजीने संत्रावर्गीय बागा मरू लागल्या. पुढे हा रोग भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत पसरला. तेथील बागायतदारांनी आंबट नारिंगाचा खुंट वापरला. त्याची साल पायकुजीस चांगली दाद देत नाही. प्रश्न सुटला असे वाटले आणि हा खुंट जगभर गेला. परंतु १९३७ नंतर ब्राझीलमध्ये आंबट नारिंगावर बांधलेली लक्षावधी झाडे झपाट्याने वाळून गेली. हा रोग वेगळाच होता. त्यास ट्रिस्टेझा, म्हणजे उदासी, असे नाव पडले. तो विषाणूमुळे होतो व मावा तो पसरवतो, हे १९४६ साली सिद्ध झाले.

यानंतर ब्राझीलने जो खुंट प्रामुख्याने स्वीकारला तो रंगपूर लिंबू, म्हणजे भारतातूनच गेलेला. त्याने ट्रिस्टेझा सोसला, दुष्काळ सोसला आणि तेथील बागा पुन्हा उभ्या राहिल्या. पुढे १९९९ च्या सुमारास त्याच रंगपूर लिंबावरील झाडे एकाएकी मरण्याचा आणखी एक नवा रोग तेथे दिसून आला. बागायतदारांना पुन्हा दुसऱ्या खुंटांकडे वळावे लागले.

यावरून असे दिसते की सर्वगुणसंपन्न खुंट नाही. त्रिपर्णी नारिंग हा खुंट फायटोफ्थोराचा उत्तम प्रतिकार करतो; पण चुनखडीच्या जमिनीत त्याची मुळे लोह घेऊ शकत नाहीत व झाडाची पाने पिवळी पडतात. विदर्भातील चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत तो म्हणून उपयोगी पडत नाही. अलेमो या खुंटाची साल डिंक्यास चांगले तोंड देते. पण ट्रिस्टेझापुढे तो दुबळा आहे. रंगपूर लिंबालाही एक्झोकॉर्टिस नावाच्या रोगाचे भय असते. रोगट झाडावरून डोळा घेतला तर खुंटाची साल तडकून सुटते व झाड खुजे राहते. हा रोग कलम बांधण्याच्या चाकूवाटेही पसरतो.

जमीन पाहून खुंट

म्हणून खुंट ठरवण्यापूर्वी जमीन तपासून घ्यावी. एक मीटर खोलीपर्यंत खड्डा घेऊन मातीचे थर पाहावेत. खाली चिकण मातीचा किंवा चुनखडीचा घट्ट थर असल्यास, तसेच पावसाळ्यात खड्ड्यात पाणी अनेक दिवस उभे राहत असल्यास, ती जागा संत्र्यासाठी टाळावी. अशा जागी कोणताही खुंट तारू शकत नाही. माती परीक्षण करताना सामू, क्षार व मुक्त चुना या तिन्ही गोष्टी तपासण्यास सांगावे. मुक्त चुना दहा टक्क्यांहून अधिक असलेली जमीन संत्र्यास योग्य नाही.

मध्यम ते भारी, पण निचरा होणाऱ्या काळ्या जमिनीत रंगपूर लिंबाचा खुंट अधिक भरवशाचा ठरतो. उत्तम निचऱ्याच्या हलक्या ते मध्यम जमिनीत जंबेरीही चालू शकतो. मोठी बाग लावणाराने सर्व झाडे एकाच खुंटावर न घेता दोन खुंटांवर घ्यावीत आणि कोणत्या ओळी कोणत्या खुंटाच्या याची नोंद वहीत ठेवावी.

कलम घेताना

१. कलमे शासनमान्य किंवा संशोधन संस्थेच्या रोपवाटिकेतून घ्यावीत. पावतीवर खुंटाचे नाव लिहून घ्यावे.

२. डोळा जमिनीपासून २२ ते २५ सेंटिमीटर उंचीवर बांधलेला असावा. संत्र्याची साल मातीस किंवा साचलेल्या पाण्यास लागली तर खुंट कितीही चांगला असला तरी डिंक्या वरच्या भागास लागतो.

३. एका कलमाची पिशवी फोडून मुळे पाहावीत. पांढरी-पिवळसर, भरपूर तंतुमुळे असावीत. तपकिरी, साल सुटणारी मुळे दिसल्यास ती सर्व खेप नाकारावी. रोग पुष्कळदा कलमाच्या मातीबरोबरच नव्या शेतात येतो.

४. डोळे विषाणूमुक्त मातृवृक्षावरून घेतले आहेत काय, हे विचारावे. संशोधन संस्थांत झाडाच्या शेंड्याचा अगदी सूक्ष्म अंकुर काचनळीतील रोपावर बसवून असे निरोगी मातृवृक्ष तयार केले जातात.

५. जे स्वतः कलमे बांधतात त्यांनी एका मातृवृक्षाकडून दुसऱ्याकडे जाताना चाकू सोडियम हायपोक्लोराइटच्या एक टक्का द्रावणात बुडवून घ्यावा.

बागेतील काळजी

लागवड करताना डोळ्याचा जोड जमिनीच्या वर राहील असे पाहावे. पुढे खोडाशी मातीची भर चढवू नये. खुंटावर येणारे फुटवे वेळोवेळी काढावेत. दुहेरी आळे करून पाणी बाहेरच्या आळ्यात द्यावे, म्हणजे ते बुंध्यास लागत नाही. भारी जमिनीत दोन ओळींमधून उताराच्या दिशेने चर काढावेत.

पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर बुंध्यास बोर्डो मलम लावावे. एक किलो मोरचूद पाच लिटर पाण्यात आणि एक किलो कळीचा चुना पाच लिटर पाण्यात वेगवेगळा भिजवावा व नंतर एकत्र ढवळावा. भांडे प्लास्टिकचे किंवा मातीचे असावे, लोखंडी नसावे. मलमात लोखंडी पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून आणखी चुन्याची निवळी मिसळावी. मलम त्याच दिवशी वापरावे. बुंध्यावर डिंक दिसल्यास कुजलेली साल धारदार चाकूने निरोगी भागापर्यंत खरडून काढावी, जखमेवर मलम लावावे आणि खरडलेले तुकडे बागेत न टाकता जाळून टाकावेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

संत्र्याच्या प्रत्येक बागेची एक ओळीची नोंद गावच्या वहीत असावी : लागवडीचे वर्ष, कलमे कोठून आणली, खुंट कोणता, जमीन कशी आणि किती झाडे दगावली. पाच-सहा वर्षांच्या अशा नोंदी एकत्र केल्या तर त्या शिवारात कोणता खुंट टिकतो हे स्पष्ट दिसू लागेल. प्रयोगशाळा शंभरांतून दोन-चार खुंट निवडून देते. त्यांतून गावासाठी एक निवडण्याचे काम या वहीवरच होते.

एखाद्या बागेत रोगाची शंका आल्यास झाडाच्या घेराच्या कडेखालून, १५ ते २० सेंटिमीटर खोलीवरून, तंतुमुळांसह ओलसर माती घ्यावी. ती प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, उन्हात न ठेवता, लवकरात लवकर कृषी विज्ञान केंद्रामार्फत तपासणीस पाठवावी. माती वाळवून पाठवल्यास रोगकारक सापडण्याची शक्यता कमी होते.

नवीन बाग लावू इच्छिणाऱ्या शेतकऱ्याकडे कार्यकर्त्याने कलमे येण्यापूर्वीच जावे. खड्डे भरून कलमे लागल्यानंतर दिलेला खुंटाविषयीचा सल्ला उपयोगाचा नसतो. आगाऊ रक्कम देण्याच्या दिवशी विचारलेला ‘खुंट कोणता?’ हा प्रश्न पुढील वीस वर्षांची बाग राखू शकतो.